रेसट्रॅक हवाच, पण हमी कुणाची?

दक्षिण वेल्समधलं एबू व्हेल हे गाव ब्रिटनमध्ये दोन कारणांनी ओळखलं जातं. सरकारी आरोग्यसेवेची पायाभरणी करणारा अन्यूरिन बेव्हन इथून खासदार म्हणून निवडून जात असे, हे एक. दुसरं, इथला पोलाद कारखाना. १९३०च्या दशकाच्या अखेरीस तो युरोपातल्या मोठमोठ्या पोलाद कारखान्यांत गणला जायचा. दरीतली घरं, दुकानं, चर्च, रग्बीचा क्लब, सगळं त्याच्या पगारावर उभं राहिलेलं. आजूबाजूच्या कोळशाच्या खाणी एकेक करून बंद पडल्या आणि २००२मध्ये कारखान्यालाही कायमचं कुलूप लागलं.

अशा गावाला २०११मध्ये एक कंपनी सांगू लागली, की तुमच्या वरच्या माळावर आम्ही मोटारशर्यतींचा ट्रॅक बांधतो. नाव ‘सर्किट ऑफ वेल्स’. साडेपाच किलोमीटरहून अधिक लांबीचा मुख्य ट्रॅक, मोटोक्रॉस आणि कार्टिंगची सोय, हॉटेलं, तंत्रज्ञान उद्यान. वर्षाला साडेसात लाख लोक येतील, सहा हजार रोजगार तयार होतील, असं कागदावर छापलेलं होतं. गावकऱ्यांचा पाठिंबा मिळायला फार दिवस लागले नाहीत. स्थानिक कौन्सिलने २०१३मध्ये प्राथमिक परवानगी दिली.

या पाठिंब्यात मोटारशर्यतींचे शौकीन किती होते, हा प्रश्नच गैरलागू आहे. कुठला रायडर कुठल्या वळणावर पुढे जातो यात तिथल्या बहुतेकांना रस असण्याचं कारण नव्हतं. त्यांना हवं होतं ते पोरांना गावातच मिळणारं काम. रेसट्रॅकच्या ठिकाणी उद्या कुणी बिस्किटांचा मोठा कारखाना आणला असता, तरी हेच लोक त्याच उत्साहाने हात वर करून उभे राहिले असते. ट्रॅकला मिळणाऱ्या स्थानिक पाठिंब्याबद्दल बोलताना ही गोष्ट बहुतेक वेळा सुटून जाते. मग प्रवर्तक त्या पाठिंब्याला खेळाची लोकप्रियता समजतात आणि विरोधक त्याला भाबडेपणा ठरवतात.

जागा आठशे एकरांच्या वर आणि त्यातली बरीचशी गायरानासारखी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या चारण्याचे हक्क असलेली. ती मोकळी करायची तर बदल्यात दुसरी जमीन द्यावी लागणार, त्यासाठी जाहीर चौकशी होणार. पलीकडे ब्रेकन बीकन्स राष्ट्रीय उद्यानाची हद्द. ग्वेंट वाइल्डलाइफ ट्रस्ट या निसर्गसंस्थेने हरकत घेतली. हे अडथळे वेळखाऊ होते, पण प्रकल्प त्यांच्यापायी अडला नाही. तो अडला पैशावर.

त्यातला एक भाग तर तमाशाच्या वगात शोभावा असा. ट्रॅकची एक वीटही रचली गेली नव्हती, तोच २०१४मध्ये मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतमालिकेतल्या ब्रिटिश शर्यतीचा करार या कंपनीच्या हाती आला. शर्यत भरवायची, तर ट्रॅक नाही. त्यामुळे २०१५पासून वेल्सच्या कंपनीची शर्यत इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला होऊ लागली.

प्रकल्पाचा खर्च ४२ कोटी पौंडांच्या पुढे. तो खासगी गुंतवणूकदार करणार होते, पण त्यांना हमी हवी होती आणि ती वेल्स सरकारकडून. सुरुवातीला मागितलेली हमी सरकारने नाकारली. अर्ध्यापेक्षा जास्त जोखीम आम्ही घेणार नाही, अशी रेघ ओढली. बदललेले प्रस्ताव येत गेले आणि २७ जून २०१७ रोजी वेल्सच्या मंत्रिमंडळाने शेवटचा नकार दिला. अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री केन स्केट्स यांनी दिलेलं कारण हिशेबाचं होतं. प्रस्ताव जसा होता तसा स्वीकारला, तर सरकारच्या खात्यावर ३७ कोटी ३० लाख पौंडांचं कर्ज दिसलं असतं आणि तेवढा पैसा शाळा, रुग्णालयं, रस्ते यांच्या भांडवली खर्चातून वजा झाला असता.

याच छाननीत रोजगाराचा आकडाही उघडा पडला. सहा हजारांतले बहुतेक रोजगार शेजारी होऊ घातलेल्या उद्योगांवर अवलंबून होते आणि ते उद्योग येतीलच याची खात्री नव्हती. प्रत्यक्ष ट्रॅकवर कायमचे रोजगार शंभरेक, बांधकामाच्या काळात पाचशेपर्यंत.

शंभर! गावाने सहा वर्षं ज्याची वाट पाहिली, त्याचा हा ताळेबंद. पण ज्याला मोटारशर्यतींचा धंदा ठाऊक आहे त्याला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. मोठी शर्यत वर्षातून एक-दोनदा होते. त्या दिवशी झेंडे दाखवणारे, अपघात झाला तर धावत जाणारे मार्शल शेकड्यांनी लागतात, पण ते बहुतांशी हौसेने येणारे स्वयंसेवक असतात. खाण्याचे ठेले, सुरक्षारक्षक, वाहनतळ ही कामं तीन दिवसांची. ट्रॅकचा रोजचा गाडा चालतो तो वेगळ्याच गोष्टींवर. स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांकडून दिवसाचं भाडं, कंपन्यांच्या चाचण्या, चालकांची शाळा, नव्या मॉडेलच्या जाहिरातींचं चित्रीकरण, कार्टिंग. सिल्व्हरस्टोनच्या आसपास ब्रॅकली, ब्रिक्सवर्थ, मिल्टन कीन्स, एन्स्टोन इथे फॉर्म्युला वनचे कारखाने दिसतात आणि ट्रॅक आला की असं सगळं येतं, अशी समजूत होते. सिल्व्हरस्टोन ही दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी. तिथे पहिली ग्रांप्री १९४८मध्ये झाली आणि भोवतालचं जाळं विणलं जायला पुढची कित्येक दशकं गेली. माळावर डांबर ओतून ते विकत घेता येत नाही.

एबू व्हेलला नंतर सरकारने ट्रॅकऐवजी वाहन-तंत्रज्ञान उद्यान देऊ केलं, दहा वर्षांत दहा कोटी पौंड आणि दीड हजार रोजगारांच्या शक्यतेसह. टीव्हीआर ही जुनी स्पोर्ट्‌स कार कंपनी तिथे गाड्या बनवणार, अशीही घोषणा झालेली होती. त्या गाड्या काही तिथे बनल्या नाहीत. सार्वजनिक तिजोरीतून ट्रॅकच्या तयारीवर ९० लाख पौंडांहून अधिक रक्कम आधीच गेली होती. त्यातला काही भाग दूरच्या बकिंगहॅमशरमधली एक मोटरसायकल कंपनी विकत घ्यायला वापरला गेला, हे लेखापरीक्षकांनी पुढे नोंदवलं.

याउलट उदाहरण अमेरिकेतलं. न्यूयॉर्क राज्यात सेनेका सरोवराच्या दक्षिण टोकाला वॉटकिन्स ग्लेन नावाचं दोनेक हजार वस्तीचं गाव आहे. उन्हाळ्यात तिथली घळ आणि धबधबे बघायला पर्यटक येतात, थंडी पडू लागली की गाव ओस. कॅमेरन आर्गेटसिंगर हा कायद्याचा विद्यार्थी तिथे सुट्टीला यायचा. त्याला युरोपसारखी रस्त्यावरची शर्यत भरवायची होती. तो गावच्या व्यापारी मंडळाकडे गेला. त्यांनी ऑक्टोबरमध्ये हॉटेलं भरतील हा हिशेब केला आणि होकार दिला.

२ ऑक्टोबर १९४८. साडेसहा मैलांचा रस्ता, थोडा डांबरी, थोडा मातीचा, मध्ये रेल्वेचे रूळ. शर्यतीच्या वेळी रेल्वे कंपनीने आपल्या गाड्या थांबवून धरल्या, हे त्या गावात आजही कौतुकाने सांगितलं जातं. फ्रँक ग्रिसवोल्डने अल्फा रोमिओ चालवत पहिली शर्यत जिंकली. पण १९५२मध्ये मुख्य रस्त्यावर एक गाडी प्रेक्षकांना घासली आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. गावच्या रस्त्यावरची शर्यत तिथेच संपली. गावाने काय करावं? शर्यत टाकून दिली नाही. दुसऱ्या वर्षी ती वर टेकडीवरच्या रस्त्यांवर नेली आणि १९५६मध्ये तिथेच कायमचा ट्रॅक बांधला. १९६१ ते १९८० या काळात अमेरिकेची फॉर्म्युला वन ग्रांप्री याच खेड्यात होत राहिली. १९८१मध्ये ट्रॅक दिवाळखोरीत निघाला तेव्हा वाचवायला पुढे आली ती शेजारच्या शहरातली काचेची कंपनी, कॉर्निंग. तिने एका शर्यत कंपनीला जोडीला घेऊन १९८३मध्ये ट्रॅक विकत घेतला, पुढच्याच वर्षी तो पुन्हा सुरू झाला आणि आजही चालतो.

कॅलिफोर्नियातल्या लागुना सेकाची गोष्टही याच चालीची. तिथे पेबल बीचच्या झाडीतल्या रस्त्यांवर शर्यती व्हायच्या. १९५६मध्ये अर्नी मॅकॅफी हा चालक झाडावर आदळून गेला. मग मॉन्टेरे परिसरातल्या व्यापाऱ्यांनी आणि नागरिकांनी एक ना-नफा संस्था काढली, वर्गणी गोळा केली, लष्कराकडून फोर्ट ऑर्डची जमीन भाड्याने घेतली आणि नोव्हेंबर १९५७मध्ये नव्या ट्रॅकवर शर्यत उभी केली. वर्गणी, स्वयंसेवक, स्थानिक समिती. आपल्याकडे गावच्या जत्रेचा कारभार जसा चालतो, त्याच्याशी याचं नातं जवळचं. जत्रा तोट्यात गेली तर समितीलाच वर्गणी वाढवावी लागते, त्यामुळे खर्चाची हौस आपोआप आवरली जाते.

आवाजाचा विषय मात्र वर्गणीने सुटत नाही. ट्रॅकला पाठिंबा देणारा आणि विरोध करणारा यांच्यात बरेचदा फरक असतो तो अंतराचा. मोकळ्या माळावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. कानाला तो निम्मा वाटायला हवा, तर १० डेसिबल कमी व्हावे लागतात. शिवाय वारा, दरीचा उतार आणि थंड हवेचा थर आवाजाला भलतीकडेच वाहून नेतात. म्हणून बाजारपेठेतल्या दुकानदाराला जो गाडीचा मधुर गुरगुराट वाटतो, तो ट्रॅकलगतच्या शेतघरातल्या माणसाला रविवारची दुपार हिरावून घेणारा वाटतो, आणि दोघंही खरं बोलत असतात.

इंग्लंडच्या यॉर्कशर भागातला क्रॉफ्ट ट्रॅक याचा नमुना आहे. हीसुद्धा मुळात लष्करी धावपट्टी. शेजाऱ्यांनी आवाजाबद्दल दावा लावला. ट्रॅककडे परवानगी होती, स्थानिक प्रशासनाशी करार होता. तरी २००९मध्ये अपील न्यायालयाने जादा आवाजाचे दिवस वर्षाला चाळीसवर आणले आणि शेजाऱ्यांना नुकसानभरपाईही मिळाली. परवानगी मिळाली म्हणजे शेजाऱ्याचा हक्क संपला असं होत नाही, हा त्याचा अर्थ. लागुना सेकातही २०२३मध्ये कौंटीने ट्रॅकचा नवा दीर्घ मुदतीचा करार केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आवाज व रहदारीवरून रहिवाशांच्या एका गटाने खटला भरला. प्रकरण पुढे तडजोडीने मिटलं. साठ-पासष्ट वर्षांचा लाडका ट्रॅकही यातून सुटलेला नाही.

सरकारने पैसा ओतला की ट्रॅक बुडतोच, असा निष्कर्ष कुणी काढू नये म्हणून जर्मनीकडे बघायला हवं. १९२०च्या दशकात आयफेल हा डोंगराळ भाग इतका दरिद्री होता, की लोक त्याला ‘प्रशियाचा सैबेरिया’ म्हणत. आडेनाउचा जिल्हा प्रशासक ऑटो क्रॉइट्स याने बेकारी निवारणाचं काम म्हणून इथे रेसट्रॅक मंजूर करून घेतला. आपल्याकडे दुष्काळात पाझर तलाव आणि रस्त्यांची कामं निघतात, तसं तिथे हे काम निघालं. १९२५मध्ये पायाभरणी, जून १९२७मध्ये उद्‌घाटन. नुर्बुर्ग किल्ल्याला वळसा घालणारा अठ्ठावीस किलोमीटरचा वेडावाकडा रस्ता, नुर्बुर्गरिंग. शर्यत नसेल त्या दिवशी पैसे भरून कुणीही स्वतःची गाडी त्यावर घालावी, ही सोय तिथे पहिल्यापासून आहे. आसपासच्या गावांतली अतिथीगृहं, गॅरेजं आणि भाड्याच्या गाड्यांची दुकानं त्यावर जगतात.

गडबड झाली ती ऐंशी वर्षांनी. ऱ्हाइनलँड-पॅलॅटिनेट राज्य सरकारला केवळ ट्रॅक पुरेसा वाटेना. त्याने शेजारी मॉल, हॉटेलं, मनोरंजन नगरी असा कोट्यवधी युरोंचा पसारा २००९मध्ये मांडला. त्यात ‘रिंगरेसर’ नावाचा अतिवेगवान रोलर कोस्टर होता. चाचण्यांतल्या अपघातानंतर तो रखडला, २०१३मध्ये कसाबसा सुरू झाला आणि अवघे चार दिवस चालून कायमचा थांबला. सरकारी मालकीची कंपनी २०१२मध्ये दिवाळखोरीत गेली. माजी अर्थमंत्र्याला न्यायालयाने सार्वजनिक पैशाच्या गैरव्यवहारात दोषी ठरवलं. ट्रॅक खासगी हातात विकावा लागला. या सगळ्यात रोलर कोस्टरविरुद्ध सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने ओरडणारे लोक ट्रॅकवर प्रेम करणारेच होते. ‘आम्हाला रस्ता हवा, झुले नकोत’ अशा थाटाची ती तक्रार होती आणि ती ऐकली असती तर सरकारचे पुष्कळ पैसे वाचले असते.

भारतात फॉर्म्युला वनचा ट्रॅक एकच, ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. ५.१२५ किलोमीटर, ऑक्टोबर २०११मध्ये पहिली शर्यत, शर्यतीच्या दिवसाची गर्दी ९५ हजारांच्या घरात. सेबास्टियन व्हेटेलने तिन्ही वर्षं जिंकली आणि मग शर्यत गेली. उत्तर प्रदेश सरकारने ती खेळ नसून करमणूक आहे असं ठरवून कर लावला, आयातीच्या कटकटी होत्या, ट्रॅक बांधणारा जेपी समूह कर्जात रुतत गेला. यात स्थानिक पाठिंबा होता कुठे? ट्रॅक ज्या यमुना द्रुतगती मार्गाच्या पट्ट्यात आला, तिथे भूसंपादनाच्या मोबदल्यावरून त्याच वर्षी मे महिन्यात भट्टा-पारसौल गावात गोळीबार झाला होता. ज्यांच्या शेतावर हा सगळा पट्टा उभा राहिला, त्यांच्याकडे तिकीट विकत घेण्याखेरीज ट्रॅकशी नातं जोडायचा मार्गच ठेवलेला नव्हता. २०२३मध्ये मोटोजीपी एकदा तिथे येऊन गेली, तेवढीच.

हैदराबादचं उदाहरण आणखी आखूड. फेब्रुवारी २०२३मध्ये हुसेन सागराच्या काठाने विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई धावली, ज्याँ-एरिक व्हर्न जिंकला. वर्षअखेर राज्यातलं सरकार बदललं आणि २०२४ची शर्यत रद्द झाली. मंत्रालयातल्या एका खोलीचा पाठिंबा असला, की तो खोलीतला माणूस बदलेपर्यंतच टिकतो.

दक्षिणेत मात्र वेगळी परंपरा आहे. मद्रासच्या शौकिनांनी महायुद्धातल्या शोलावरम धावपट्टीवर वर्षानुवर्षं शर्यती भरवल्या. मग मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे स्वतःची जमीन घेऊन १९९०मध्ये ३.७ किलोमीटरचा ट्रॅक केला. ह्युंदाईचा कारखाना त्या परिसरात त्यानंतर आला. कोइमतूरमध्ये एस. करिवर्धन यांनी मारुतीचं इंजिन घालून स्वस्त फॉर्म्युला गाड्या घडवल्या आणि पोरांना त्यात बसवलं. १९९५मध्ये विमान अपघातात ते गेले. त्यांच्या नावाने २००३मध्ये चेट्टिपाळयमला कारी मोटर स्पीडवे सुरू झाला, फक्त २.१ किलोमीटरचा. पंप, ओतकाम, कापड यांच्या या शहरात गाडी उघडून परत जोडता येणारे हात गल्लोगल्ली होते. नारायण कार्तिकेयन याच शहराचा. तो २००५मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला, तेव्हा बुद्ध सर्किट बांधलं जायला आणखी सहा वर्षं होती.

आता महाराष्ट्र. चाकण, पिंपरी-चिंचवड, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथे दुचाकीपासून ट्रकपर्यंत सगळं बनतं. पुण्यात १९६६पासून एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे, अहिल्यानगरला लष्करी वाहनांचा चाचणी ट्रॅक आहे. एकेकाळी मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, अलीकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या वेगाच्या स्पर्धा झाल्या. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकून आला, पण तयारी त्याने युरोपात केली. आंतरराष्ट्रीय दर्जाचा कायमस्वरूपी ट्रॅक या राज्यात आजही नाही.

आणि तरी इथल्या गावाला शर्यतीचं मैदान स्वतःच्या हिमतीवर उभं करणं नवं नाही. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळात बैलगाड्यांचे घाट आहेत, त्यांची देखभाल गावकी करते. बैलगाडा शर्यतींवरच्या २०१४च्या बंदीनंतरही ते घाट बुजले नाहीत. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी देताच गाडे पुन्हा जुंपले गेले, मे २०२३मध्ये घटनापीठाने या शर्यतींना मुभा देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. तिथे हमी मागायला कुणी मंत्रालयात गेलं नाही.

मोटारींच्या बाबतीत याच्या सर्वांत जवळ जातं ते कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्री आणि यंत्रशाळांनी या शहराला कोइमतूरसारखाच लोखंडाचा हात दिलेला आहे. शहराजवळ मोहिते कुटुंबाने स्वतःच्या खर्चाने कार्टिंगचा ट्रॅक बांधला आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे होत आल्या आहेत. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक यांच्यासारखे चालक या शहरातून पुढे मोठ्या गाड्यांत गेले. पण कार्टमधून उतरून फॉर्म्युला गाडीत बसायची वेळ येते, तेव्हा कोल्हापूरच्या पोराला आजही सामान बांधून कोइमतूर किंवा चेन्नई गाठावं लागतं, आणि दोन्हीकडचा रस्ता हजारभर किलोमीटरचा आहे.